एक आत, एक बाहेर

आमच्या गल्लीत ज्याला सगळे किल्लीदार म्हणत, त्याच्याकडे कुठलाही किल्ला नव्हता. होतं ते कुलपांचं दुकान, आणि तेही अर्धं. उरलेलं अर्धं त्याच्या थोरल्या भावाचं. लांबट, काळपट खोली, मधोमध टेबल, टेबलाच्या या टोकाला थोरला आणि त्या टोकाला धाकटा, म्हणजे आपला किल्लीदार. दिवसभर दोन कानशी चालत आणि पितळेचा कीस असा उडे की दुकानात शिंकलेला माणूस सोन्याचा होऊन बाहेर पडे. थोरला फार कमी बोलायचा. धाकटा दोघांच्या वाटचं बोलायचा आणि तरी त्याचं थोडं शिल्लक राहायचं.

बापाने दोघांना धंद्याबरोबर एक नियम दिला होता: एक आत, एक बाहेर. दाराला नवं कुलूप बसवलं की एका भावाने आत उभं राहायचं, दुसऱ्याने बाहेरून बंद करायचं. आतल्याने आतून उघडून दाखवायचं, बाहेरच्याने बाहेरून. मग जागा बदलायच्या. ते झालं की नमुन्याची किल्ली गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत घासून सपाट करायची आणि मगच काम पुरं म्हणायचं. बाप म्हणे, आपलं कुलूप आपल्याला उघडतंच, त्यात काय मोठेपणा. स्वतःच्या पोराचं गचाळ अक्षर बापाला लागतंच. दुसऱ्याला लागतं का ते बघावं.

या नियमापायी दोघा भावांनी एकमेकांना आमच्या सगळ्यांच्या कोठीत, न्हाणीघरात आणि माळ्यावर कोंडून घेतलेलं होतं. चर्चच्या पाळकसाहेबांच्या मोठ्या कपाटाला कुलूप बसवलं तेव्हा थोरला अंगाने आडवा असल्यामुळे आत धाकटा शिरला, आणि आत वेळ जाईना म्हणून खड्या आवाजात गीत म्हणू लागला. पाळकीणबाईंना कुणी काही सांगितलेलं नव्हतं. कपाट देवाची स्तुती करतंय हे ऐकून त्या खाली बसल्या त्या बराच वेळ उठल्या नाहीत.

तर असं सगळं बरं चाललेलं असताना कंत्राटदारसाहेब गाडीतून उतरले.

वरच्या वसाहतीत त्यांनी बंगले बांधायला घेतले होते आणि त्यांना कुलपं हवी होती. त्यांनी किल्लीदाराचं काम हातात घेऊन उजेडात धरलं, मान डोलावली आणि म्हणाले, "तुमच्यासारखा कलावंत या किसात काय करतोय?" चांगल्या कारागिराला बिघडवायचा याहून स्वस्त उपाय अजून निघालेला नाही. एकदा कलावंत म्हटलं की तो कामाला बसत नाही आणि कलेलाही उठत नाही. किल्लीदार त्या दिवशी साहेबांच्या गाडीत पुढच्या जागेवर बसून गेला आणि परत आला तेव्हा चालत असूनही गाडीत बसल्यासारखा दिसत होता.

वरच्या वसाहतीत त्याला एक शोध लागला. तो त्याने थोरल्याला सांगितला.

"दादा, कुलूप विकायचं नसतं. आधी चोर विकायचा. चोर घेतला की कुलूप आपोआप घेतात."

"आपल्याकडे चोर कुठाय?" थोरल्याने कानस न थांबवता विचारलं.

"तेच तर. आपण पुरवायचा."

पुरवायची रीत सोपी होती. बंगल्यात जाऊन चहा घ्यायचा. चार भिंतींकडे बघायचं. मग कप खाली ठेवता ठेवता विचारायचं, "स्वयंपाकाच्या बाई बऱ्याच वर्षांच्या आहेत का हो?" मालकीणबाई म्हणत, हो, का? किल्लीदार म्हणे, "काही नाही, सहज." आणि निघून यायचा. त्या दिवसापासून त्या बाईने मीठ घेतलं तरी मालकीणबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. आठवडा सरायच्या आत निरोप यायचा: सगळ्या कपाटांना कुलपं हवीत. 'सहज' या तीन अक्षरांवर किल्लीदाराने स्वतःचा बंगला उठवला, तोही वरच्या वसाहतीत, कंत्राटदारसाहेबांकडूनच बांधून घेऊन.

पण गूळ विकणाऱ्याच्या घरी मुंग्या येणारच. लोकांना संशय वाटून वाटून त्याच्या हाताला तो चिकटला. नव्या घरात गेल्यावर दूधवाला उंबऱ्याशी जरा जास्त वेळ रेंगाळतो असं त्याला वाटू लागलं. मेहुणीने कौतुकाने विचारलं, "खोल्या किती झाल्या?" तर हा दोन कमी सांगून मोकळा झाला. शेजारचा कुत्रा याच्यावर भुंकत नसे. कुत्रा फितूर आहे असं त्याचं मत पडलं. आणि खरी पंचाईत पुढेच होती. श्रीमंती दाखवली तर चोर येणार, आणि नाही दाखवली तर लोक येणार नाहीत. मग बंगला बांधला कशाला? बिचारा पाहुण्यांना चांदीची भांडी दाखवायला काढायचा आणि ती बघणाऱ्यांच्या नजरा बघत बसायचा.

चर्चमध्ये तो आता पहिल्या बाकावर बसू लागला. तिथेही मान मागे वळलेली. एका रविवारी पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितलं की बाबांनो, माणूस जे कोठारात कोंडतो त्याच्यासोबत त्याचं काळीजही कोंडलं जातं. साठवायचंच असेल तर गंज लागत नाही अशा ठिकाणी साठवा. सगळी मंडळी आपापल्या परीने खजील झाली. किल्लीदार घरी येऊन बायकोला म्हणाला, "पाळकसाहेबांना आपल्या घरातलं कोण सांगतं?"

"अहो, ते शास्त्रात आहे," बायको म्हणाली.

"शास्त्रात आहे. पण आजच कसं निघालं?"

याच सुमारास त्याने बंगल्यात एक पक्की खोली करायला घेतली. जाड लोखंडी दार, आणि त्याला स्वतःच्या हातचं, जगात दुसरं नाही असं कुलूप. ते कुलूप तो दुकानात थोरल्याकडे पाठ करून बनवायचा, परीक्षेत शेजाऱ्यापासून पेपर झाकणाऱ्या पोरासारखा. थोरला एकदाच म्हणाला, "झालं की सांग. आत मी उभा राहीन." किल्लीदाराने कुलपावर फडकं टाकलं.

मग तो साबणाचा दिवस आला. धंद्यातल्या माणसाला ठाऊक असतं की दुसऱ्याची किल्ली चोरून करायची तर ती साबणात दाबून ठसा घेतात. थोरल्याच्या टेबलाच्या टोकाला साबणाची वडी होती, नेहमीच असायची, आणि त्या दिवशी तिच्यावर एक खळगा होता. दुकानात गिऱ्हाईक होतं.

"दादा, हा साबण कसला?"

"हात धुवायचा."

"याच्यावर खूण आहे."

"अंगठ्याची असेल."

"किल्लीचीही अशीच उठते."

थोरल्याने कानस खाली ठेवली. गिऱ्हाईक दाराकडे सरकलं, पण गेलं नाही. असल्या वेळी कुणी जात नाही.

"खिसे दाखव," किल्लीदार म्हणाला.

थोरल्याने खिसे उलटे केले. रुमाल, चष्म्याचं घर आणि कागदातली खडीसाखर निघाली. "झालं?" त्याने विचारलं. "झालं," धाकटा म्हणाला. मग थोरल्याने अंगावरचं कामाचं फडकं सोडून नीट घडी करून ठेवलं, आणि निघून गेला. पुढे त्याने बसथांब्याजवळ एक टपरी टाकली. किल्ल्या घासायचा आणि छत्र्या दुरुस्त करायचा.

किल्लीदाराचा निवाडा झालेला होता. "निर्दोष असता तर भांडला नसता का?" तो आम्हाला विचारी. भांडला असता तर म्हणाला असता, चोराच्या उलट्या बोंबा. संशयाचं हेच सुख आहे, त्याला कुठलाही पुरावा चालतो. आणि खरं सांगायचं तर गल्लीतही कुजबुज सुरू झाली. आग असल्याशिवाय धूर कसा? इतकी वर्षं सगळ्यांच्या किल्ल्या या थोरल्याच्या हातून गेल्या आहेत, बघा हं. आमच्यातल्या दोघातिघांनी गुपचूप कुलपं बदलून घेतली. कुणाकडून? किल्लीदाराकडून.

नवं दार बंगल्यात बसलं. त्या एका दाराच्या वेळी कुणी आत उभं राहिलं नाही. कुणाला उभं करणार? ज्याला आत घ्यावं त्याला आत काय आहे ते दिसणार. किल्लीदाराने बाहेरून बंद केलं, बाहेरून उघडलं आणि स्वतःची पाठ थोपटली.

एवढं सगळं मिळाल्यावर त्याला एकच गोष्ट कमी वाटत होती. त्याला मंडळीचा वडील, म्हणजे चर्चचा मानाचा पंच, व्हायचं होतं. आमच्या चर्चमध्ये वडील होणं म्हणजे पगार नाही, पण कोट लागतो. प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण करायच्या, रविवारी भाकरीचं ताट घेऊन बाकांमधून चालायचं, आणि कंत्राटदारापासून टपरीवाल्यापर्यंत सगळ्यांनी आपल्या हातातून घ्यायचं. किल्लीदार पाळकसाहेबांकडे गेला. पाळकसाहेब म्हणाले, "थोरल्याशी वैर आहे तुझं. भावाशी वैर ठेवून त्या मेजाशी जेवता येत नाही. वाढता तर मुळीच नाही."

"मी त्याला माफ केलंय," किल्लीदार म्हणाला.

"कशाबद्दल?"

"चोरीबद्दल."

"चोरी झाली का?"

"अजून नाही."

पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. त्यांना हसू आवरायचं असलं की ते चष्मा पुसत. "रविवारी उपासनेआधी दोघं माझ्यासमोर या," ते म्हणाले. "मग बघू."

किल्लीदाराची बायको टपरीवर गेली. भाऊजींसमोर तिने पदराने डोळे पुसले आणि निरोप सांगितला. थोरला म्हणाला, "मी येईन. हात पुढे करीन. पण चोर म्हटलेलं त्याने मागे घ्यावं. तेवढंच. त्याशिवाय मला त्याच्यापुढे उभं राहता येणार नाही."

तिने घरी येऊन हे सांगितलं. किल्लीदार म्हणाला, "बघू. हात मिळवल्यावर शब्दाचं काय एवढं." ती म्हणाली, "शब्दाचंच आहे. भाऊजी पुन्हा एकदा रिकाम्या हाताने परत गेले ना, तर पुन्हा येणार नाहीत." तो आरशात कोट बघत होता.

रविवार उजाडला. बायको तयार होऊन बाहेर चप्पल घालत होती. किल्लीदाराला वाटलं, समेटाला कंत्राटदारसाहेबांनी दिलेलं सोन्याचं घड्याळ घालावं. भावाशी हात मिळवायचा तर मनगट दिसणारच. तो पक्क्या खोलीत शिरला. घड्याळ ठेवलेली जागा बायकोलाही ठाऊक नव्हती. तेवढ्यात तिची पावलं वाजली. ती "अहो, उशीर होतोय" म्हणायला येत होती. तिला ती जागा दिसू नये म्हणून त्याने मागे हात करून दार ओढून घेतलं.

दार फार सुंदर आवाज करून बंद झालं.

किल्ली त्याच्या गळ्यात होती. भोक दाराच्या बाहेरच्या अंगाला होतं. आतल्या बाजूला गुळगुळीत लोखंड, इतकं गुळगुळीत की त्यात त्याला स्वतःचा चेहरा दिसला. पन्नास दारं केलेल्या माणसाकडून ही चूक होत नाही, कारण एरवी आत थोरला उभा असतो आणि म्हणतो, "अरे, मी बाहेर कसा येऊ?"

वर हवेसाठी पत्र्याची जाळी होती. कुणी तार घालून काही ओढून नेऊ नये म्हणून तिची भोकं त्याने मसुराएवढी ठेवली होती. आवाज जात होता, किल्ली जात नव्हती. बायकोने स्टुलावर चढून विचारलं, "आता हो?"

"कंत्राटदारसाहेबांना फोन कर."

तिने केला. लाजेने नाव न सांगता "आमच्याकडे एकजण कुलूपबंद खोलीत अडकलेत" एवढंच म्हणाली. साहेबांचा कारकून म्हणाला, साहेब रविवारी कुणाला भेटत नाहीत, पण अशा कामाला साहेब एकाच माणसाला बोलावतात, नंबर लिहून घ्या. तिने लिहून घेतला. तो घरचाच होता.

"भाऊजींना बोलावते," ती जाळीशी येऊन म्हणाली.

"नको."

"मग आत काय खाणार? चांदीची भांडी?"

किल्लीदार खाली बसला. आणि तिथे, स्वतःच्या संपत्तीच्या मधोमध, त्याला आशेचा एक किरण दिसला. साबण. दादाने ठसा घेतला होता. म्हणजे दादाकडे किल्ली असणार. त्याने डोळे मिटले आणि मनापासून, अगदी कळवळून प्रार्थना केली: देवा, माझा भाऊ चोर निघू दे. पहिल्या बाकावर बसून त्याने आजवर काय काय मागितलं असेल, पण इतक्या श्रद्धेने काही मागितलं नसेल. हे त्याने पुढे स्वतःच सांगितलं, म्हणून लिहिलं.

थोरला पाळकसाहेबांच्या खोलीबाहेर वाट बघत बसला होता. भावजय पळत आलेली बघून तो उठला. पाठोपाठ पाळकसाहेब, आणि उपासना सुरू व्हायची थांबल्यामुळे अर्धी मंडळीही. कंटाळा म्हणून नव्हे, काळजीने. निदान आम्ही एकमेकांना तसं सांगितलं.

थोरला स्टुलावर चढला.

"दादा, तू आलास?"

"आलो."

"तुझ्याकडे किल्ली असेल ना?"

"कसली?"

"या दाराची. ती, साबणातली. मी रागावणार नाही. देवाशपथ काही बोलणार नाही. तू फक्त उघड."

थोरला गप्प राहिला. खाली आम्हीही गप्प. आमच्यातल्या ज्यांनी कुलपं बदलली होती, ते जरा जास्तच गप्प.

"नाही रे," थोरला म्हणाला. "माझ्याकडे काही नाही."

"खरं सांग."

"असती तर बरं झालं असतं. आज एक दिवस चोर झालो असतो तुझ्यासाठी."

थोरला खाली उतरला. त्याने दारावर हात फिरवला, कडा बघितल्या, कान लावला. "दार छान केलंस," तो मोठ्याने म्हणाला. "हे माझ्याच्याने उघडायचं नाही." मग दाराशेजारच्या भिंतीवर त्याने बोटाच्या पेरांनी टकटक केलं. आणखी थोडं पुढे टकटक केलं. चेहऱ्यावर हसू येऊ लागलं. "भिंत कुणी बांधली?"

"साहेबांनी," आतून आवाज आला.

"मागे सरक."

त्याने पहार मागवली. पहिल्या घावाला गिलावा पडला. दुसऱ्याला वीट नव्हे, विटेची आठवण पडली. आत सगळी वाळूच. एवढ्या दारापुढे कुठला चोर उभा राहिला असता? तो शेजारून आला असता आणि त्याला पहारही लागली नसती. पाळकसाहेब नुसते बघत राहिले. त्यांचा एक आख्खा उपदेश त्या भोकातून दिसत होता.

किल्लीदार डोक्याकडून बाहेर आला, चुन्याने पांढराफेक, कोटासकट. आणि उभा राहताच, सवयीने, त्याने वळून भोकातून आत बघितलं. सगळं जागेवर आहे का.

थोरल्याने ते पाहिलं. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. बायकोने मान खाली घातली.

"बघून घे," थोरला शांतपणे म्हणाला. "मी इथेच उभा आहे."

तेव्हा किल्लीदार ढिगाऱ्यावर बसला आणि म्हणाला, "दादा, तू चोर नाहीस. मी म्हटलं होतं ते खोटं. मला तेव्हाही ठाऊक होतं, तो अंगठाच होता. पण किल्ली कुणाच्या हाती लागली तर, या भीतीपुढे मला अंगठा दिसेना. आणि आत बसून मी देवाकडे काय मागत होतो माहितीय? तू चोर निघावास म्हणून."

"देवाने ऐकलं नाही, बरं झालं," थोरला म्हणाला. त्याने रुमाल काढून भावाचं तोंड पुसलं, लहानपणी पुसत असेल तसं, जरा जोरातच. "माफ केलं. आता उठ. पण दुकानात लगेच ये म्हणू नकोस. ते मला जमायचं नाही."

वडीलपणाची गोष्ट कुणी काढली नाही. किल्लीदाराने तर नाहीच. त्याने वरच्या वसाहतीत जाऊन काही बंगल्यांतल्या स्वयंपाकाच्या बायांची माफी मागितली, त्यामुळे त्याचा तिथला धंदा बसला. गल्लीत काहींना यातही डाव दिसला. रोज दुपारी तो टपरीवर जाऊन थोरल्याच्या शेजारी बसे आणि छत्र्यांच्या काड्या सरळ करी. थोरला बसू देई. बोलणं बेताचंच.

पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी दोघे एका बाकावर बसले होते, मधे कुठेतरी. ताट फिरत फिरत किल्लीदारापाशी आलं. त्याने हात न लावता ते थोरल्याकडे सरकवलं.

"घे की," थोरला कुजबुजला.

"नाही. काल तुझ्या टपरीवरून उठलो ना दादा, तेव्हा खिसा चाचपून बघितला. हात आपला आपण गेला. अजून गेलेलं नाही ते माझ्यातून. मी कसा घेऊ?"

थोरल्याने ताट हातात घेतलं. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या बाई वळून बघू लागल्या.

"हे बऱ्या झालेल्यांसाठी असतं असं कुणी सांगितलं तुला?" तो म्हणाला, आणि ताट परत धाकट्यापुढे धरलं, आणि धरून ठेवलं. मंडळी खोळंबली. पाळकसाहेबांनी चष्मा काढला.

किल्लीदाराने भाकरीचा तुकडा उचलला. उलटापालटा करून बघितला, आणि तोंडात टाकला.